सावकाराचे पत्र कोणी उघडले? : धावणे, टप्पू आणि फाटकावरची नोंद

१/
पानिपतावर काय घडले, हे नानासाहेब पेशव्यांना कसे कळले? ग्रँट डफने दिलेली हकीकत खरी मानली, तर स्वतःच्या सरदाराच्या पत्रातून नव्हे. सावकारांच्या एका खासगी पत्रातून, आणि तेही वाटेत उघडून.

आजचा धागा त्या पत्राविषयी, ते घेऊन निघालेल्या माणसाविषयी आणि आमच्या घरातल्या पाच महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाविषयी आहे. या तिघांचा संबंध काय, ते ओघात येईल. धागा लांब आहे, चहा घेऊन बसा.

२/
प्रसंग तुमच्या परिचयाचा आहे. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायचे, अशा बोलीवर सावकारांनी एक काशीद, म्हणजे निरोप्या, धाडला होता. तो पेशव्यांच्या छावणीवरून जात असता त्याच्याजवळचे पत्र उघडले गेले. आत व्यापारी भाषेत दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजता न येणारे रुपे-तांबे बुडाल्याचे लिहिले होते.

ते मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे समजायला फार विचार करावा लागला नसेल. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पुण्यात पर्वतीवर वारले.

३/
हे पत्र आपण शोकाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. मला त्यात दळणवळणाची एक व्यवस्थाही दिसते. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर सरळ रेषेत मोजले, तरी हजार किलोमीटरच्या पुढे जाते. नऊ दिवसांची बोली म्हणजे दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर.

मराठी राज्याजवळ स्वतःचे जासूद आणि हरकारे होते. तरीही या हकीकतीत बातमी आधी पोहोचते, ती हुंडीच्या व्यवहारासाठी उभ्या केलेल्या वाटेने. सावकाराला घाई असणे स्वाभाविक होते. लढाईचा निकाल लागला की कोणाची हुंडी वटणार आणि कोणाची बुडणार, हे ठरत असे. राज्याहून वेगवान जाळे खासगी हातांत असणे ही काही आपल्या शतकाची नवलाई नव्हे.

४/
या प्रसंगातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती वारंवार भेटणार आहे. बातमी जमवणारा एक होता आणि उघडणारा दुसरा. सावकारांनी पत्र लिहिले ते नफा-तोट्यासाठी. वाचले गेले ते राज्याच्या चिंतेपोटी.

आणि उघडणाऱ्याचे कारण खोटे नव्हते. विश्वासराव नानासाहेबांचे थोरले चिरंजीव. त्या घडीला कोणताही बाप ते पत्र उघडील. मी मुद्दाम हेच उदाहरण घेतले, कारण दुसऱ्याचे पत्र उघडणाऱ्याजवळ बहुतेक वेळा चांगले कारण असते.

५/
आता घराकडे येऊ. फेब्रुवारीत आमच्याकडे एक पिल्लू आले. देशी, तांबूस रंगाचे, एक कान उभा आणि एक पडका. पहिल्याच आठवड्यात तिने बँकेतून आलेला लिफाफा फाडला आणि आतला अर्धा कागद खाल्ला, म्हणून मी तिचे नाव ठेवले टपाल. शेजारची मुले तिला टप्पू म्हणतात. त्यामागे दूरचित्रवाणीवरची मालिका आहे, डाकखाते नाही. आजीला दोन्ही नावे पसंत नाहीत. ती नुसते ‘ए बाळ’ म्हणते, आणि टप्पू ऐकते ते फक्त तिचेच.

६/
मी पहाटे वेताळ टेकडीवर धावते. वाढत्या वयाच्या पिल्लाला लांब पळवू नये, हाडे-सांधे कोवळे असतात, असे पशुवैद्यांनी बजावले आहे. म्हणून आधी माझे धावणे, मग तिचे फिरणे. माझे आठ किलोमीटर ५० मिनिटांत होतात. टप्पूच्या अर्ध्या किलोमीटरला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. विजेचा प्रत्येक खांब, गाडीचे प्रत्येक चाक, कट्ट्याचा प्रत्येक कोपरा हुंगल्यावाचून ती पुढे जात नाही. तिच्या लेखी ते रात्रीत आलेले टपाल असते, आणि दुसऱ्यांचे टपाल वाचण्याचा तिला जराही संकोच नाही.

७/
या दोन्हींची नोंद मनगटावरचे घड्याळ ठेवते. एका दिवसाची नोंद क्षुल्लक असते. दोन वर्षांच्या नोंदी एकत्र वाचल्या, तर मी कोणत्या वारी किती वाजता घर सोडते, कोणत्या वाटेने चढते आणि टेकडीचा कोणता भाग निर्मनुष्य असताना तिथे एकटी असते, हे सारे उलगडते. ही यादी कोणाच्या हाती असावी आणि कोणाच्या नसावी, याचा विचार पहाटे धावणाऱ्या कोणत्याही मुलीच्या मनात येतोच.

जुना धावणारा दुसऱ्याची बातमी पोहोचवत असे. आजच्या धावणाऱ्याची चाल हीच बातमी झाली आहे.

८/
ही भीती पोकळ नाही, याचा एक दाखला ताज्या इतिहासात आहे. धावणाऱ्यांमध्ये आणि सायकलस्वारांमध्ये लोकप्रिय असलेल्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. वापरकर्त्यांनी जिथे जिथे व्यायाम केला, त्या वाटा त्यात उजळलेल्या होत्या. नावे कोणाचीच नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुझर या ऑस्ट्रेलियातील २० वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले, की सीरिया-अफगाणिस्तानसारख्या प्रदेशांत, जिथे बाकी नकाशा काळोखा आहे, तिथे लष्करी तळांच्या रूपरेषा स्वच्छ दिसतात. तळांवरचे सैनिक व्यायामाला धावत होते, आणि त्यांच्या पावलांनी तळाचा आराखडा काढून दिला होता.

पुन्हा तेच. जमवले व्यायामासाठी, वाचता आले युद्धासाठी.

९/
सैनिकी तळ दूरचे. आमच्या सोसायटीचे फाटक जवळचे. मार्चपासून तिथे एक ॲप आले. कारण सुरक्षेचे, आणि तेही खोटे नाही. आधीच्या वर्षी दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. पूर्वी वॉचमनकाका वहीत नोंद करीत. आता एका टॅबवर होते. घरकामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक क्रमांक मिळाला आहे. सकाळी पावणेसात ते साडेसात या वेळात वीस-बावीस जणी त्या एका टॅबसमोर उभ्या असतात. नेटवर्क गेले की रांग जागच्या जागी थांबते.

१०/
धावून परतताना मी हे फाटक पाच सेकंदांत ओलांडते. टप्पूबरोबर ते साधत नाही. रांगेतल्या प्रत्येकीला भेटल्याखेरीज ती जागची हलत नाही. त्यामुळे रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे मी त्या रांगेच्या बाजूला उभी असते. पुढची हकीकत मला ठाऊक आहे ती एवढ्याचसाठी.

११/
ॲपमध्ये टप्पूचीही नोंद आहे: छायाचित्र आणि लसीची तारीख. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचीही आहे: छायाचित्र, क्रमांक आणि खाली तारे. पाचपैकी किती तारे द्यायचे, ते रहिवाशांनी ठरवायचे. टप्पूला तारे नाहीत. रहिवाशांनाही नाहीत.

१२/
या मावशी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच घरी येतात. एप्रिलच्या अखेरीस त्या घराने ॲपमधून महिन्याची नोंद काढली, उशिराच्या मिनिटांची बेरीज केली आणि त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले. बेरीज चुकलेली नव्हती. पण त्या मिनिटांचा मोठा वाटा फाटकावरच्या रांगेत गेला होता. यंत्राने खाल्लेला वेळ यंत्रानेच त्यांच्या नावावर मांडला होता.

१३/
त्या सकाळी टप्पूच्या पडक्या कानामागे खाजवत मावशी म्हणाल्या, “ताई, मी येते ती वेळ लिहितात. पाहुणे असले की तासभर जास्त थांबते, तर जायची वेळपण लिहितात म्हणे. पण ती कुणी बघत नाही.”

दोन वर्षे मी अभिलेखागार, दफ्तर आणि सत्ता यांवरचे लेख वाचते आहे. इतके नेमके वाक्य मला त्यांत सापडले नव्हते. नोंद दोन्ही रकान्यांची होते. वाचला जातो एकच.

१४/
या एका रकान्याला मोठा इतिहास आहे. जुलै १८५८, बंगालमधले जंगीपूर. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामग्रीचा ठेका राज्यधर कोनाई यांना दिला आणि करारपत्रावर त्यांच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्देश इतकाच, की उद्या त्यांनी सही नाकारू नये. हा ठसा एका ठेकेदाराला एका कराराशी बांधण्यासाठी होता. हर्शेलनेही तसाच ठसा देऊन स्वतःला बांधून घेतले, असे मात्र झाले नाही.

१५/
१८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे स्वतंत्र कार्यालय उघडले. ठशांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मिळाले ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. करारासाठी घेतलेल्या ठशाचे चाळीस वर्षांत पोलिसी शास्त्र झाले.

१६/
दरम्यान १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला होता. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असे गृहीत धरणारा हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकला, आणि नोंदवलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यात होती. पारधी, कैकाडी अशा समाजांतल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ठरल्या जागेबाहेर जायला परवानगी लागे. सोलापुरात अशा लोकांसाठी वसाहत होती. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, त्या नोंदीने चिकटवलेला संशय कितीतरी घरांच्या दारातून अजून गेलेला नाही.

१७/
आमच्या फाटकावरचा टॅब म्हणजे १९११ चा कायदा नव्हे. दोहोंना एकाच मापाने मोजले, तर ज्यांनी ती हजेरी भोगली त्यांच्यावर अन्याय होईल. मला फक्त वाट दाखवायची आहे: एका कारणासाठी सुरू झालेली नोंद दुसऱ्या कारणाकडे कशी सरकते, आणि सरकताना नेहमी उताराच्या दिशेने, म्हणजे ज्याला प्रश्न विचारणे परवडत नाही त्याच्याकडे, कशी जाते.

१८/
आकड्याला बक्षीस जोडले की काय होते, ते टप्पूच्या पूर्वजांनी पाहिले आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. कारण सार्वजनिक सुरक्षेचे. पण मोजणी मेलेल्या कुत्र्यांची होती. कुत्रे मोकाट होते की घरचे, हे त्या हिशेबात येत नव्हते, आणि पकडणारे लोकांच्या घरची कुत्रीही ओढून नेऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या.

१९/
पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ६ जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि किल्ल्यातल्या गोऱ्या फौजेच्या रसदीत अडथळा आला. इतिहासात हा प्रसंग ‘बॉम्बे डॉग रायट्स’ या नावाने नोंदला गेला आहे. काहींना अटक झाली, शिक्षाही झाल्या. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. भुलेश्वरला तो आजही आहे.

या घटनेत मला शिकण्यासारखे वाटते ते दंग्यापेक्षा त्या बंद बाजारात. कंपनी सरकारपुढे शस्त्रे नव्हती. पाव, मटण आणि पाणी रोज वेळेवर पोहोचते ते कोणामुळे, एवढी आठवण होती.

२०/
मेमध्ये सोसायटीची सभा झाली. सभासद आई आहे. तिच्या वतीने मी बोलले. प्रश्न तीन विचारले. नोंद नेमकी कशाची होते? ती कोण पाहू शकते? किती दिवस राहते? पहिल्याचे उत्तर मिळाले. बाकी दोन्हींची उत्तरे कोणाजवळच नव्हती.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “ज्याला लपवायचे काही नाही, त्याला भीती कशाची?” त्यांचीच सायकल चोरीला गेली होती, त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी मावशींना आधी विचारले होते. त्यांच्या संमतीने मी इतकीच विनंती केली, की त्याच महिन्याच्या नोंदीतला दुसरा रकाना वाचावा.

२१/
अध्यक्षांनी तो तिथेच वाचला. नऊ दिवशी मावशी ठरल्या वेळेहून चाळीस मिनिटे किंवा त्याहून उशिरा बाहेर पडल्या होत्या. सभा थोडा वेळ गप्प राहिली.

ठराव दोन झाले. कामाला येणाऱ्यांच्या वेळांची नोंद कोणत्याही घराला काढून द्यायची नाही. आणि नोंद तीस दिवसांनी पुसायची. तारे बंद करण्याची सूचना पुढच्या सभेवर गेली. कापलेल्या पैशांचा विषय ‘त्या घराचा खासगी प्रश्न’ ठरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या घराने एका दिवसाचे पैसे परत केले. एका दिवसाचे केले नाहीत.

२२/
फाटकावर जे आहे, तेच वर कायद्यातही आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात सरकारला टपाल अडवण्याचा अधिकार होता; २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, ज्या हेतूसाठी संमती घेतली त्या हेतूपुरतीच माहिती वापरावी, असे तत्त्व आहे; त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही आहे. सावकार आणि छावणी, दोघेही जागेवर आहेत. फक्त काशीद आता आपल्या मनगटावर बसतो.

२३/
इथे माझ्या विद्येची अडचण येते. इतिहासाचा विद्यार्थी दुसरे काय करतो? मोडी रुमालातले जे पत्र मी सोडवते, ते मला लिहिलेले नसते. लिहिणाऱ्याची संमती मी घेतलेली नसते. १७६१ चे ते पत्र उघडले गेले नसते, तर या धाग्याला आरंभच नसता.

माझे समाधान असे, की अडीचशे वर्षांनी वाचलेले पत्र कोणाचा पगार कापत नाही. काळाने त्या वाचण्यातले बळ काढून घेतलेले असते. महिनाअखेरीस वाचलेल्या नोंदीत ते बळ पुरेपूर असते. म्हणून जुने कागद जपण्याचा आग्रह धरणारी मीच फाटकावरची नोंद तीस दिवसांत पुसा म्हणते, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

२४/
तरी एक रुखरुख उरते. उद्या कोणी आपल्या काळाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला काय मिळेल? यंत्रांनी जे जमवले, ते. मावशींचा क्रमांक मिळेल, येण्याच्या वेळा मिळतील, तारे मिळतील. रांगेत उभे राहून त्या काय म्हणाल्या, ते मिळणार नाही. ते मोजण्याचे यंत्र कोणी बसवलेले नाही. म्हणून त्यांचे वाक्य, त्यांना विचारून, त्यांचे नाव न लिहिता, या धाग्यात नोंदवून ठेवले आहे.

२५/
तुमच्या फाटकावर, वसतिगृहात, कारखान्यात, कार्यालयात कोणाची नोंद होते आणि तिचा कोणता रकाना वाचला जात नाही, ते खाली लिहा. नावे नकोत. जमल्यास तिथल्या जुन्या हजेरीपटाची किंवा वहीची आठवणही सांगा. पुढचा धागा गावोगावच्या हजेरीच्या इतिहासावर करायचा विचार आहे.